रानातील अळंबी : ओळख कोणाची, भरवसा कशाचा?

मृगाच्या सरींनी रान भिजते, जमिनीतील उष्मा निवतो आणि आषाढात चार दिवस लागून राहिलेला पाऊस एखादा दिवस उघडतो. त्या उघडिपीच्या सकाळी कोकणातील वाड्यांपासून पूर्व विदर्भातील झाडीपट्टीपर्यंत बायका व मुले टोपल्या घेऊन रानाकडे निघालेली दिसतात. कोणी तिला अळंबी म्हणतात, कोणी भूछत्र. झाडीपट्टीत सात्या व टेकोडे ही नावे कानी पडतात, तर गोव्यात अळमी. विजा कडाडल्या म्हणजे ती जमिनीतून फुटते असे जुनी माणसे सांगतात. घरातील जुने धान्य सरत आलेले असते, नवे अद्याप चिखलात उभे असते आणि बाजारातील भाजी पावसाने महागलेली असते. अशा दिवसांत फुकट मिळणारे, मटणाच्या तोडीचे कालवण कोणास नको असेल? परंतु ह्याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतील पानावर चार ओळींची एक बातमीही येते, की अमुक तालुक्यात रानातील अळंबी खाल्ल्यामुळे एका कुटुंबातील माणसे रुग्णालयात दाखल झाली.

अशी बातमी आली की विस्तारकार्यात असलेल्या आम्हा मंडळींचे एक ठरीव वाक्य बाहेर पडते : "रानातील कोणतीही अळंबी खाऊ नये." ते फलकावर लिहिले जाते, सभेत वाचून दाखविले जाते आणि आपले काम झाले असे आपण समजतो. हे वाक्य चूक आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याला ओळख नाही त्याच्यासाठी ह्याहून चांगला सल्ला कोणी देऊ शकणार नाही. परंतु ज्या घरात तीन पिढ्या वारुळावरील अळंबी शिजत आली आहे, त्या घरातील बाई हे वाक्य ऐकून मनाशी हसते. ह्या साहेबाला रान ठाऊक नाही, असा तिचा ग्रह होतो, आणि तो चुकीचा नसतो. मग त्याच सभेत पुढे सांगितलेली गोष्ट, जी कदाचित तिच्या नातवाचा प्राण वाचविणार असते, तिकडेही तिचे लक्ष राहत नाही. सरसकट मनाई करून आपण आपली जबाबदारी टाळतो आणि श्रोताही गमावतो, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

तो अनुभव सांगण्याजोगा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातील एका वाडीवर पावसाळ्याच्या तोंडी बैठक होती. मी उत्साहाने सांगितले, की शंका असल्यास अळंबी शिजताना पातेल्यात लसणाची पाकळी टाकावी. ती काळी पडली तर अळंबी विषारी समजावी. ही युक्ती मी कोणत्या तरी जुन्या पुस्तिकेत वाचली होती आणि पडताळून न पाहता पुढे चालविली होती. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, लसूण टाकून बघायची पाळी आली, म्हणजे खुडणाऱ्याला ओळख नव्हती असंच ना? मग ती घरात आणलीच कशाला?" सभा हसली. मीही हसलो, पण घरी येऊन शोध घेतला तेव्हा आपण काय सांगून बसलो होतो हे कळले आणि अंगावर काटा आला. लसणाच्या रंगाचा विषाशी काहीएक संबंध नाही. त्या वाडीवर कोणी माझे ऐकून न ओळखलेली अळंबी खाल्ली असती, तर त्याला मीच कारण झालो असतो.

ह्यास्तव प्रथम ह्या स्वयंपाकघरातील परीक्षांविषयीच बोलणे प्राप्त आहे, कारण त्या आजही गावोगाव सांगितल्या जातात, आणि दुर्दैवाने सांगणारे बहुधा शिकलेले असतात.

स्वयंपाकघरातील खोट्या परीक्षा

चांदीचा रुपया किंवा चमचा पातेल्यात टाकावा, तो काळवंडला तर विष, ही परीक्षा फार जुनी. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही ती काळवंडते, म्हणून अंडे कोणी विषारी मानीत नाही. उलट, ज्या अळंबीने माणूस दगावतो तिच्या रश्शात चांदी लखलखीत राहू शकते. तांदळाचा वा कांद्याचा रंग बदलतो, ही परीक्षाही ह्याच जातीची.

दुसरी समजूत अशी, की किड्याने किंवा गोगलगाईने खाल्लेली अळंबी माणसालाही चालते. गोगलगाई माणसाला मारक अशा छत्र्या खुशाल खातात. त्यांच्या शरीराची घडण निराळी. कोंबडीला घालून पाहणे हाही प्रकार काही ठिकाणी चालतो. कोंबडी संध्याकाळपर्यंत हिंडती-फिरती राहिली म्हणून रात्री ताटे मांडावीत, तर सर्वांत घातक विषाचा परिणाम माणसातही जेवणानंतर सहा-सहा, बारा-बारा तासांनी दिसू लागतो, हे पुढे सांगणारच आहे. कोंबडीच्या तोंडून उत्तर मिळण्याआधीच घरातील सर्वांचे जेवण उरकलेले असते.

पांढरी ती चांगली आणि रंगीत ती वाईट, हे तर अगदीच चुकीचे. जगातील अत्यंत घातक अळंब्यांत शुभ्र पांढऱ्या अळंब्या आहेत, आणि खाण्याजोग्यांत नारिंगी रंगाच्याही आहेत. छत्रीची साल सुटते ती खाण्याची, लाकडावरची ती निर्धोक, वास चांगला तर पोटाला चांगली, ह्यांपैकी एकही कसोटी खरी नाही. विषारी अळंबी कडू लागते असेही कित्येक समजतात. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या रोग्यांनी ती रुचकर लागल्याचे सांगितले आहे.

राहिली शेवटची व सर्वांत धोकादायक समजूत : मीठ-हळद घालून चांगली उकळली, पहिले पाणी टाकून दिले, किंवा उन्हात वाळवून ठेवली, की विष जाते. घातक जातींतील मुख्य विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत, वाळवण्याने जात नाहीत, बर्फात ठेवल्यानेही जात नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या धाटातील विष वा काही रानकंदांतील खाज योग्य उपायाने कमी होते, हे आपण जाणतो. त्यावरून अळंबीविषयी अनुमान काढणे प्राणावर बेतते.

वारुळावरील अळंबी : जुनी ओळख कशी बनली

मग त्या म्हातारीची ओळख कशावर उभी होती? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपण जिला अडाणी समजूत म्हणून बाजूला सारतो तिच्यात पुष्कळदा शास्त्र असते.

आपल्याकडे आवडीने खाल्ली जाणारी अळंबी मुख्यतः वाळवीच्या वारुळाशी बांधलेली आहे. शास्त्रज्ञ ह्या कुळास टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी लाकूड, पाचोळा, वाळलेले गवत कुरतडून बिळात नेते, तो चोथा रचून सच्छिद्र पोळ्यासारखे थर उभारते आणि त्यांवर ही बुरशी वाढविते. माणसाने शेती आरंभण्याच्या कितीतरी लक्ष वर्षे आधीपासून हा कीटक आपल्या बुरशीची शेती करीत आला आहे. बुरशी कठीण काष्ठ पचण्याजोगे करून देते, वाळवी तिला अन्न, ओलावा व ऊब पुरविते. पावसाने जमीन मुरली म्हणजे त्या पोळ्यांवरून कोंब निघतात आणि माती भेदून वर येतात. वर दिसणारी छत्री ही त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिच्या दांड्याचा खालचा भाग मुळीसारखा लांबलचक होऊन थेट जमिनीखालील पोळ्यापर्यंत पोहोचलेला असतो. कधी तो हातभरही भरतो. छत्रीच्या मध्यभागी माती फोडण्यास उपयोगी असे टोक असते. काही जाती मोठ्या, तर काही तांदळाच्या शितासारख्या बारीक. त्या एका ठिकाणी शेकड्यांनी उगवून जमीन पांढरी करून टाकतात.

गोळा करणारी बाई ह्यांतील शास्त्रीय नाव एकही जाणत नाही. पण ती काय पाहते ते बघा. तिला आपल्या रानातील ठराविक वारुळे ठाऊक असतात. कोणत्या वारुळावर कोणत्या नक्षत्रात फुटते हेही ती जाणते. ती दांडा हळूच हलवून मुळीसकट ओढते आणि ती लांब मुळी पाहते. टोक पाहते, वास घेते, मोडून पाहते. मागील वर्षी येथेच मिळालेली आणि घरात खाल्लेली तीच का, हे ती मनाशी ताडते. जरा वेगळी दिसली तर "ही आपली नव्हे" म्हणून टाकून देते, आणि का टाकली हे तिला शब्दांत सांगता येईलच असे नाही. ह्यात एकच एक कसोटी नाही. जागा, ऋतू, मुळी, आकार, वास आणि आठवण अशा पाच-सहा खुणा एकत्र जुळल्या तरच हात पुढे जातो.

उगवण्याच्या जागेवरून अळंबी ओळखण्याची रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत ह्या जातीच्या शाकांची वर्गवारी ती कशावर उगवते त्यावरून केलेली आहे : पेंढ्यावर, उसाच्या चोथ्यावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर. आज भाताच्या पेंढ्यावर अळंबी पिकविणारा शेतकरी नकळत त्याच वर्गवारीतील पहिल्या वर्गात काम करीत असतो. अर्थात जागा ही ओळखीची एक खूण झाली, निर्धोकपणाची हमी नव्हे. वारुळाशेजारीच दुसऱ्या जातीची छत्री उगवू शकते, आणि उगवतेही.

येथे एक नवी भर पडली आहे, जी आजीच्या काळी नव्हती. वाळवीचा उपद्रव म्हणून बागेतील वारुळांत कीटकनाशक ओतले जाते. काजूच्या व आंब्याच्या बागांत तणनाशक फवारले जाते. अशा ठिकाणी उगवलेली अळंबी जातीने कितीही चांगली असो, ती खाऊ नये. ज्या बागायतदाराने औषध ओतले त्याने तेवढे वाडीवर सांगून ठेवणे हे शेजारधर्माचे आहे. रस्त्याकडेच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याजवळच्या अळंबीविषयीही तेच. ही वनस्पती जमिनीतील जड धातू शोषून घेते. (वनस्पती हा शब्द येथे सवयीने आला, बुरशी ही वनस्पतींत मोडत नाही, तिची सृष्टी वेगळी मानतात.)

ज्या दोन जाती गावसेवकास माहीत असाव्यात

विषारी जाती पुष्कळ आहेत आणि त्या सर्व गावसेवकाने पाठ कराव्यात असे मी म्हणणार नाही. दोन मात्र त्याने नीट समजून घ्याव्यात, कारण एक वारंवार भेटते आणि दुसरी क्वचित भेटली तरी जीव घेते.

पहिली म्हणजे हिरव्या पडद्यांची छत्री. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मोलिब्डाइटिस. ही रानात न उगवता आपल्या पायाशी उगवते : गायरानात, शाळेच्या मैदानात, हिरवळीवर, शेणखताच्या कडेला. छत्री मोठी, ताटलीएवढीही होते; पांढरी आणि वर तपकिरी खवले. दांड्यावर एक कडे असते, ते वरखाली सरकविता येते. दिसण्यास ती मोठी लोभस, आणि फसगत होते ती ह्यामुळे की कोवळेपणी छत्रीखालील पडदे पांढरेच असतात. बीजाणू पिकले म्हणजे मग त्यांवर मळकट हिरवी छटा येते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात; जुलाबात कधी रक्तही पडते. धडधाकट माणूस वेळीच सलाईन मिळाल्यास बहुधा बरा होतो. लहान मूल किंवा वृद्ध मात्र अंगातील पाणी जाऊन धोक्यात येतो. आपल्याकडील "छत्री खाऊन मुले आजारी" ह्या प्रकारच्या बातम्या वाचताना मला प्रथम हिची आठवण होते.

दुसरी म्हणजे अमॅनिटा कुळातील घातक जाती. ह्या कुळातील सर्वच जाती विषारी नाहीत. ईशान्य भारतात व हिमालयाच्या पायथ्याशी काही खाल्ल्याही जातात. परंतु ह्याच कुळात मृत्यूछत्र म्हणून जगभर कुप्रसिद्ध असलेली जाती आणि तिच्या शुभ्र पांढऱ्या बहिणी मोडतात. ह्या झाडांच्या मुळांशी संबंध ठेवून उगवतात. त्यांची ठळक खूण जमिनीत दडलेली असते : दांड्याच्या बुडाशी एक पिशवी किंवा वाटी, जिच्यातून कोंब अंडे फोडावे तसा बाहेर पडलेला असतो. वर दांड्यावर कडे, आणि छत्रीखालील पडदे शेवटपर्यंत पांढरे. अळंबी वरच्या वर खुडली तर पिशवी मातीतच राहते आणि नेमकी तीच खूण हरवते. म्हणून अनोळखी अळंबीची तपासणी करावयाची झाल्यास काठीने भोवतालची माती सैल करून एक नमुना बुडासकट काढावा. मात्र त्यासाठी सबंध वारूळ कुदळीने खणू नये. पोळी उद्ध्वस्त झाली तर पुढील वर्षी तेथे काही फुटणार नाही.

कोवळी अमॅनिटा बंद असताना पांढऱ्या अंड्यासारखी असते. छत्तीसगडच्या बस्तर भागात सालवनातील बोडा आवडीने खातात, गोव्यातही गोल फुग्यासारख्या जाती खाल्ल्या जातात. अशी गोल अळंबी उभी चिरून पाहावी. आत एकजिनसी गर असण्याऐवजी दांडा व छत्री ह्यांची रेखाकृती दिसली, तर ती फेकून द्यावी आणि हात धुवावेत.

ह्या कुळातील विषाची रीत फार कपटी आहे. जेवण होते, रात्र सुखाने जाते. सहा ते बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी, उलट्या व पटकीसारखे पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. तोपर्यंत काल काय खाल्ले हे कोणाच्या ध्यानातही नसते. एक-दोन दिवसांत जुलाब थांबतात, रोगी उठून बसतो, भाकरी मागतो. घरचे म्हणतात, देव पावला, आणि त्याला घरी आणतात. ह्याच अवधीत विष यकृताच्या पेशींतील प्रथिने बनण्याची क्रिया बंद पाडीत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, भ्रम होतो, रक्त गोठेनासे होते. ह्या वेळी मोठ्या रुग्णालयातही यकृत बदलण्याखेरीज उपाय उरत नाही असे कित्येकदा होते. एका मध्यम आकाराच्या मृत्यूछत्रात प्रौढ माणसाचा प्राण जाण्याइतके विष असू शकते. मुलांना त्याहून कमी पुरते. अशाच जातीचे विष काही बारीक, तपकिरी, दिसण्यात क्षुल्लक अळंब्यांतही असते, म्हणून लहान दिसते तर थोडेच बाधेल हा हिशेबही खोटा.

ह्यावरून गावसेवकाने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनंतर सुरू झालेली उलटी ही तासाभरात सुरू झालेल्या उलटीपेक्षा अधिक भयंकर असते. उशिराचा त्रास म्हणजे हलका त्रास, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी आहे. तसेच, लवकर उलटी झाली म्हणून घातक विष नाही असेही समजू नये. एकाच टोपलीत दोन जाती असू शकतात.

माणूस गाव सोडतो, ओळख मागे राहते

एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या वरच्या भागात रानातील अळंबी खाल्ल्याने तेरा माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक चहाच्या मळ्यांतील मजूर कुटुंबांची होती, आणि मृतांत लहान मुलेही होती. उपचार दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात चालले होते. ही माणसे अळंबीस नवखी नव्हती. दरवर्षी खाणारीच होती.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण बोधक आहे. आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावर उगवणारी अळंबी घरोघरी खातात. हिच्या बुडाशीही पिशवी असते. तिकडील काही कुटुंबे अमेरिकेत जाऊन राहिली, तेथील झाडांखाली त्यांना हुबेहूब तशीच कोवळी अळंबी दिसली आणि त्यांनी गावाकडची म्हणून आनंदाने शिजविली. ते मृत्यूछत्र होते. एकीचे बीजाणू गुलाबी आणि दुसरीचे पांढरे, एवढाच सहज न दिसणारा फरक. त्यांची मूळची ओळख चुकीची नव्हती. ती दुसऱ्या मातीची होती.

आपल्याकडे ह्याचा विचार व्हावयास हवा. आंबा-काजूच्या बागांत नेपाळहून आलेले राखणदार कुटुंबासह राहतात. देशावरची मुलगी लग्न होऊन कोकणात येते. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक चाकरमानी ऐन पावसाळ्यात गावी होते आणि त्यांची मुले प्रथमच रानात फिरली. गावच्या आजीची ओळख ह्यांच्यापाशी नसते, पण अळंबी चांगली असते एवढे मात्र सर्वांस ठाऊक असते. माझ्या मते खरा धोका ह्या अर्धवट माहितीत आहे. आणि ओळख असलेल्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत आहेत, त्यांच्या सुना-नातींना रानात जाण्यास सवड नाही, हे त्याहून मोठे कारण.

हल्ली ह्या पोकळीत मोबाईल शिरला आहे. छायाचित्र काढले की यंत्र नाव सांगते, किंवा गटावर चित्र टाकले की कोणी तरी "खा, काही होत नाही" असे कळवितो. छायाचित्रात बुडाची पिशवी नसते, बीजाणूंचा रंग नसतो, वास नसतो. नाव शोधण्याचे कुतूहल भागविण्यास यंत्र ठीक आहे. त्याच्या उत्तरावर चूल पेटवू नये.

करता येण्याजोगे काही

पाऊस सुरू होण्याच्या आधी, ज्येष्ठात, गावोगाव एक बैठक घ्यावी. मात्र तीत बोलण्याचे काम आपण करू नये. गावात ज्यांना अळंबीची ओळख आहे, आणि बहुधा त्या कातकरी, ठाकर, गोंड किंवा कुणबी घरांतील वृद्ध स्त्रिया असतील, त्यांना बोलते करावे व आपण लिहून घ्यावे. कोणती खातात ह्याइतकेच, कोणती टाकतात आणि का टाकतात, हे विचारावे. हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांस ह्या बैठकीत जरूर बोलवावे, कारण पहिली हाक त्यांनाच जाते.

ज्यांना शिकण्याची हौस आहे त्यांनी बीजाणूंचा ठसा घ्यावयास शिकावे. दांडा काढून छत्री पडद्यांची बाजू खाली करून, अर्धी पांढऱ्या व अर्धी काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटतो : अमॅनिटाचा पांढरा, हिरव्या पडद्यांच्या छत्रीचा हिरवट, वारुळावरील अळंबीचा गुलाबीसर. शाळेतील मुलांना ही कृती फार आवडते. ती खाण्याची परवानगी नव्हे, हे त्यांना त्याच वेळी सांगून ठेवावे.

रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात अळंबी विकावयास बसणाऱ्या बाया स्वतः ओळखूनच आणतात. तथापि हल्ली मध्यस्थ चार वाड्यांचा माल एकत्र करतो, आणि तेथे कोणाची ओळख कोणाच्या टोपलीस लागू ह्याचा पत्ता राहत नाही. घ्यावयाची तर खुडणाऱ्याच्याच हातून, मुळीसकट आणि ताजी घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेली अळंबी एका दिवसात कुजू लागते, आणि जातीने चांगली असूनही पोट बिघडविते.

अळंबी हवीच तर ढिंगरी पिकवा, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे. गव्हाच्या काडावर वा भाताच्या पेंढ्यावर ती कमी खर्चात होते; पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि हिमाचलातील सोलन येथे ह्या विषयाचे संशोधन चालते. उत्पादकाने एवढेच पाहावे की आपल्या काडावर ढिंगरीखेरीज दुसरी कोणती छत्री, विशेषतः शाईसारखी वितळून जाणारी, उगवली तर ती उपटून टाकावी, टोपलीत घालू नये. शाईछत्रीच्या एका जातीवर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे असा त्रास होतो. परंतु वारुळावरील अळंबी अजून कोणाला व्यापारी प्रमाणावर पिकविता आलेली नाही, आणि ढिंगरी खाऊन तिची आठवण जात नाही. म्हणजे लोक रानात जाणारच, हे धरून चालले पाहिजे.

आता प्रसंग ओढवलाच तर. अळंबी खाल्ल्यानंतर कोणालाही उलटी-जुलाब झाल्यास, त्या ताटात जेवलेल्या सर्वांना, ज्यांना काही होत नाही त्यांनाही, रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा खटाटोप करू नये, जुलाब थांबविण्याची गोळी आपल्या मनाने देऊ नये, ताक-लिंबू-तूप ह्यांत वेळ दवडू नये. रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखर-मिठाचे पाणी घोट-घोट द्यावे. उरलेली कच्ची अळंबी, निवडताना टाकलेली बुडखे व साली, शिजलेले कालवण, जे असेल ते कागदात किंवा डब्यात घालून सोबत न्यावे. आणि दोन वेळा चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्याव्यात : किती वाजता जेवले आणि किती वाजता पहिली उलटी झाली. जुलाब थांबले म्हणून दुसऱ्या दिवशी रोग्यास घरी आणण्याची घाई नातेवाईक करतील. त्या वेळी गावसेवकाने तेथे हजर राहून, यकृताची तपासणी झाल्याखेरीज व डॉक्टरांनी सोडल्याखेरीज, त्यास खाटेवरून हलू देऊ नये.